खेळण्याच्या पोटातला गोटा

स्वस्तातलं बॅटरीचं खेळणं उघडलं की आधी वास येतो. रॉकेलचा, जळक्या रबराचा, आणि कुणाच्या तरी गालात दिवसभर राहिलेल्या बिस्किटाचा. इतकी वर्षं मी ही खेळणी उघडते आहे, पण त्या वासाची मला सवय झालेली नाही आणि व्हावी असं वाटतही नाही.

वासानंतर आतला माल दिसतो. चाकाच्या दांडीला गुंडाळलेले केस. बाहुलीच्या पोटात कापसाऐवजी कोंबलेल्या चिंध्या, आणि त्या चिंध्यांत कुणाच्या तरी शर्टाची मळकी कॉलर. सेल फुटून वाहिलेलं पांढरं-हिरवं पाणी, त्यात चिकटून मेलेल्या मुंग्या. एका रडणाऱ्या बाहुलीच्या छातीत मला झुरळाची अंडी सापडली होती, आणि ती बाहुली तोवर रोज एका पोरीच्या कुशीत झोपत होती. तारा केसाहून बारीक, फुंकर मारली तरी सुटतील अशा चिकटवलेल्या. स्क्रू म्हणून जो दिसतो तो स्क्रू नसतो, प्लास्टिकवर उठवलेला स्क्रूचा ठसा असतो. स्पीकरच्या जागी जाळी असते आणि जाळीमागे काही नसतं. छतावर सोलर म्हणून जे निळं चमकतं तो चक्क छापील कागद. हे सगळं कुठे तयार होतं याच्याशी मला घेणं नाही. जिथे होत असेल तिथे कुणीतरी शांतपणे बसून ठरवतं की लेकरांना फसवायला एवढं पुरे. त्या ठरवण्याची मला किळस येते.

मग मी ती उघडते कशाला, असं शाळेतल्या बाकीच्या मास्तरणी विचारतात. मी अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत एक मोडका तराजू आहे, एक सांगाड्याचं चित्र आहे आणि कुलपं पुष्कळ आहेत. मुलींना मोटर दाखवायची तर ती मेलेल्या खेळण्यातूनच काढावी लागते. म्हणून घरोघरची खेळणी पिशव्या भरून माझ्याकडे येतात आणि त्यांच्या पोटात जे जिवंत असेल ते मी काढून घेते: मोटरी, दिवे, दातेरी चाकं, बटणं. उरलेला चिकट पसारा भंगारवाला नेतो, तोही नाक मुरडून. घरी आल्यावर साबणानं दोनदा हात धुतल्याशिवाय माझ्या हातचा चहा कुणी घेत नाही, आणि ते बरोबरच आहे.

माझं माहेर अकोल्याचं. वडील तिथे रेडिओ दुरुस्त करायचे. रेडिओचं मागचं झाकण निघालं की आत नीट आवरलेलं स्वयंपाकघर दिसायचं, जी ती वस्तू आपल्या जागी. "आतून पाह्यल्याशिवाय कशाचीच तारीफ करू नये," असं ते म्हणायचे. माणसांच्या बाबतीत हा नियम मला पाळता आला नाही, पण वस्तूंच्या बाबतीत मी तो सोडलेला नाही.

या सगळ्या घाणीत मला सगळ्यात जास्त चीड आणणारी वस्तू म्हणजे गोटा. पहिल्यांदा एका ट्रकच्या पोटात सापडला तेव्हा मला वाटलं, काहीतरी यंत्र असेल. सिमेंटचा ओबडधोबड गोळा, त्यावर लाळेसारखा ओघळलेला गोंद. काम काहीच नाही, फक्त वजन. आपल्याकडे माणूस वस्तू घेताना हातात झेलून पाहतो. हलकी लागली तर फुसकी म्हणून परत ठेवतो, जड लागली तर म्हणतो, मजबूत आहे. ही आपली खोड कुणीतरी ओळखली आणि त्या खोडीपुरतं सिमेंट कालवलं. आत मोटर बारकी, तार बारकी, पण गोटा मात्र सढळ हातानं घातलेला.

माझ्या सासूबाई या झेलून पाहण्यात पटाईत. त्यांचं माहेर मोर्शीकडचं, संत्र्याच्या बागेतलं. संत्रं त्या डोळ्यांनी निवडतच नाहीत. तळहातावर घेतात, जरासं उडवल्यासारखं करतात आणि सांगतात, "हे रसाचं हाये. ते ठेव, ते पोकळ हाये." संत्र्यात त्या कधी चुकल्या नाहीत. खेळणीही त्यांनी आयुष्यभर तशीच घेतली आणि तिथे दर वेळी फसल्या.

आमच्या घरात लहान मूल नाही, तरी खेळणी येत राहिली. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. भादव्यात ज्येष्ठा आणि कनिष्ठा येतात, आणि आमच्या वऱ्हाडात त्या एकट्या येत नाहीत, आपली लेकरं घेऊन येतात. लेकरं आली म्हणजे खेळणी आली. वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगलेला, खाली फराळाची ताटं, आणि ताटांपुढे खेळण्यांची आरास. पूर्वी लाकडी बैलगाडी आणि मातीची फळं असायची म्हणतात. मी लग्न होऊन आले तोवर तिथे चालणारा हत्ती, ढोल बडवणारं माकड आणि दिवे मिचकावणाऱ्या बसगाड्या आल्या होत्या. सगळ्यांना एकच गाणं येत होतं, तेही अर्धं. दर्शनाला आलेल्या बाया "किती छान, किती छान" म्हणायच्या आणि मी कोपऱ्यात आंबिलीची वाटी घेऊन दात खात उभी राहायची.

आरासीच्या मधोमध मात्र एक खरी वस्तू होती. सागवानी पाळणा, त्यात दुपट्यात गुंडाळलेलं पितळेचं बाळ. पाळण्याची दोरी घरातल्या थोरल्या बाईनं ओढायची ही आमच्या घरची रीत. सासूबाई पाटावर बसायच्या आणि दर्शनाची गर्दी असेपर्यंत दोरी सोडायच्या नाहीत. बाया आधी देवीच्या पाया पडायच्या, मग सासूबाईंच्या. आशीर्वाद डाव्या हातानं मिळायचा, कारण उजवा दोरीवर असायचा.

आणि एक नियम होता, ज्यावरून आमचं दर वर्षी वाजायचं. आरासीत एकदा मांडलेलं खेळणं देवीच्या लेकरांचं झालं. ते मोडायचं नाही, फेकायचं नाही, दुसऱ्या लेकराला द्यायचं नाही. पत्र्याच्या पेटीत ठेवायचं, सेलसकट. निदान सेल तरी काढू द्या, ते आतून फुटतात, असं मी म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, "काहून? लेकरं खेळतीन तवा तू सेल टाकाले जाशीन काय?" पेटी भरत गेली आणि माळ्यावर चढून बसली.

यंदाच्या उन्हाळ्यात सासूबाईंना लकवा मारला. बोलणं वाचलं, पाय काठीच्या आधारानं परत आला, पण उजवा हात मांडीवर पडून राहिला. व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची आणि रबराचा चेंडू दाबायला सांगायची. बोटं जराशी हलत होती. पण सासूबाई चेंडूकडे पाहायच्या आणि तोंड फिरवायच्या. "हे कायचं काम हाये? याच्यानं कोनाचं काय होते?" ती मुलगी बिचारी रोज गोड बोलून थकली. श्रावण सरत आला तेव्हा सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला बोलावलं.

"यंदा महालक्ष्म्या बसवू नका."

"काहून, आई?"

"दोरी कोन ओढन?"

"ही ओढन ना."

"मी जित्ती असून?"

नवरा उठून बाहेर गेला. मला मात्र स्वच्छ दिसत होतं की महालक्ष्म्या बसवायच्या राहिल्या तर ही बाई त्या दिवसापासून अंथरुणाची होईल. तो हात मग कधीच हलणार नाही, कारण हलवायला त्याला कारणच उरणार नाही. मला ते नको होतं. आमचं फार गोडीगुलाबीचं होतं असं नाही, पण त्यांच्यासारखं तोडीस तोड भांडणारं माणूस मला त्या घरात दुसरं नव्हतं, आणि त्या आतापासूनच माझ्याशी भांडेनाशा झाल्या होत्या.

पाळणा यंत्रानं हलवायचा असं मी ठरवलं. माझ्या डब्यातल्या मोटरी सगळ्या गाड्यांच्या होत्या, भन्नाट पळणाऱ्या. तसली लावली तर पाळण्याचा मिक्सर झाला असता. सावकाश आणि जोर लावून फिरणारी मोटर चालणाऱ्या खेळण्यात असते, आणि तसला हत्ती पेटीत होता. मी सासूबाईंच्या खाटेशी जाऊन बसले.

"आई, पेटीतला हत्ती पाहिजे."

"कायले?"

"उघडाले."

मला वाटलं, आता जुनी सासू जागी होईल. पण त्या म्हणाल्या, "चालते का तो?"

"पेटीतलं काहीच चालत नसन. सेल ठेवले तुमी."

"मंग काढ सारं. देवीच्या लेकरायले मेलेलं खेळनं द्याव का कोनी?"

नवऱ्यानं पेटी अंगणात उतरवली आणि झाकण उघडून तो दोन पावलं मागे झाला. मी नाकाला पदर लावला. एवढ्या वर्षांचे सण आत एकमेकांना चिकटून कुजले होते. माकडाच्या ढोलावर हिरवी बुरशी, बसच्या खिडक्यांतून वाहून सुकलेला पांढरा चिकटा, बाहुलीच्या डोक्यावर उंदराच्या लेंड्या. एक सशाचं खेळणं हातात घेतलं तर अंगावरची लव माझ्या बोटांना लागून आली आणि खाली गुलाबी चिकट कातडं उरलं. ज्या वस्तूंपुढे आम्ही उदबत्त्या लावल्या, हळदीकुंकू वाहिलं, त्या वस्तू तेव्हापासूनच आतून सडत होत्या, आणि आम्ही हात जोडून उभे होतो.

सासूबाई खुर्चीवर बसून पाहत होत्या. हत्तीचं पोट मी उघडलं. मोटर गंजली नव्हती, देवीची कृपा म्हणा किंवा ग्रीस म्हणा. मग संतापाच्या भरात मी एक बसही फोडली आणि तिच्यातून गोटा निघून फरशीवर गडगडत त्यांच्या पायाशी गेला.

"हे काय हाये वं?"

"गोटा. वजनासाठी घालतात. हातात घेतलं की जड लागावं म्हणून."

"दे इकडं."

डाव्या तळहातावर त्यांनी तो घेतला आणि सवयीनं जरासा उडवला. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, हे सांगायला नको होतं. "म्हंजे मी गोटे आनले देवीच्या लेकरायले," त्या म्हणाल्या, आणि मग आवाज चढला, "मेल्यायनं देवाच्या लेकरायलेही नाही सोडलं!" लकवा मारल्यापासून त्या पहिल्यांदाच कुणावर तरी ओरडल्या होत्या. गोटा मी माझ्या डब्यात टाकला, पोरींना दाखवायला साठवलेल्या बाकीच्या गोट्यांसोबत. उरलेली खेळणी भंगारवाल्यानं नेली आणि पेटी मी धुऊन ठेवली.

हत्तीची मोटर पाळण्याच्या खांबामागे बसवली, तिला एक दांडी जोडली आणि दांडी पाळण्याला. बटण दाबलं की पाळणा आपोआप हलायचा, अगदी संथ, सासूबाई हलवायच्या तसाच. आवाज थोडा यायचा, तो दोन चिंध्या कोंबून दाबला. नवरा खूश झाला. त्यानं आईला आणून पाटाऐवजी खुर्चीवर बसवलं आणि बटण दाबलं. पाळणा हलू लागला. सासूबाईंनी पाहिलं, हातातली काठी जमिनीला टेकली आणि म्हणाल्या, "चांगलं हाये. मंग माह्यं काय काम?" आणि खोलीत निघून गेल्या.

मला माझाच राग आला. एवढी साधी गोष्ट मला कळली नव्हती आणि मी स्वतःला हुशार समजत होते. दोरी त्यांच्याच हातात पाहिजे होती. पण पाळणा सागवानी, बाळ पितळेचं, आणि त्या बोटांत चेंडू दाबण्याइतकाही जोर नव्हता. खेळण्यातल्या एका बंदुकीचा घोडा मी काढला. तो दाबला की वीज सुरू, सोडला की बंद. देवीच्या मागे तो घोडा बसवला आणि दोरीचं टोक पाळण्याला न बांधता घोड्याला बांधलं. आता दोरी जराशी ओढली की पाळणा हलणार होता, आणि पाहणाऱ्याला वाटणार होतं की दोरीनंच हलला.

हे सासूबाईंना मी सांगितलं नाही. दोरी बदलली, आता हलकी झाली, एवढंच म्हटलं. त्या महालक्ष्म्या बसवू द्यायला कबूल झाल्या.

पहिल्या दिवशी संध्याकाळी महालक्ष्म्या बसल्या. पावलं काढली, ताटली वाजवली, लेकरं आपापल्या जागी उभी केली. सासूबाईंना खुर्चीवर बसवून मी त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांभोवती दोरी गुंडाळली. त्यांनी ओढली. बोटं जेमतेम वाकली आणि पाळणा झुलला. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी पुन्हा ओढली, पुन्हा पाळणा झुलला. मग त्या थांबल्या, दोरीकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं आणि मला विचारलं,

"बाळ काढून घेतलं काय वं पाळन्यातून?"

"नाही आई. हे काय, आहे ना."

"मंग दोरी अशी कशी लागून राहिली? पाळना हालते, पन हाताले काहीच येत नाही. रिकामा पाळना हालवू नये, बाई. अपशकुन असते."

त्यांनी बोटं सैल सोडली. दोरी मांडीवर पडली.

मी आत जाऊन ओट्याशी उभी राहिले. दुसऱ्या दिवशीच्या सोळा भाज्या निवडायच्या होत्या आणि मला एकही सुचत नव्हती. या बाईचा सगळा जन्म हातानं वजन ओळखण्यात गेला होता. पाळणा हलताना डोळ्यांना दिसला म्हणून ती मानणार नव्हती. तिच्या हाताला काहीतरी लागायला पाहिजे होतं. जड लागायला पाहिजे होतं. आणि माझ्या डब्यात, ज्या वस्तूंचं काम फक्त जड लागणं एवढंच होतं, त्या भरपूर पडल्या होत्या.

डबा उघडताना मला स्वतःचीच शिसारी आली. ज्याच्या नावानं मी वर्गात पोरींसमोर बोटं मोडते, लेकरांच्या डोळ्यांत धूळ म्हणते, तेच मी उचलत होते, आणि तेही एका आजारी बाईला चकवायला. पण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी गोटे एकेक करून हातात घेऊन झेलले, अगदी सासूबाईंसारखे, आणि त्यांच्या बोटांना उचलेल असा लहानात लहान निवडला. देवीच्या मागे दोरी एका खेळण्याच्या चाकावरून फिरवली आणि तिच्या टोकाला तो गोटा लोंबकळत ठेवला. दोरी ओढली की गोटा वर यायचा आणि घोडा दाबला जायचा. सोडली की गोटा खाली जायचा आणि दोरी हातातून मागे खेचली जायची, भरलेला पाळणा खेचतो तशी.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली, नैवेद्य झाला. बाया यायला लागायच्या आधी मी पुन्हा त्यांच्या बोटांत दोरी दिली. त्यांनी ओढली. या वेळी बोटं थरथरली, मनगट थरथरलं, कपाळाला आठी पडली. पाळणा झुलला. दोरी मागे गेली आणि तिच्यासोबत त्यांचा हात मांडीवरून पुढे सरकला. त्यांनी पुन्हा ओढली.

"हं," त्या म्हणाल्या. "आता भरलं लागते."

दर्शनाच्या गर्दीत त्या दोरी ओढत राहिल्या. मध्ये मध्ये थांबायच्या, दम घ्यायच्या, घाम पुसून घ्यायच्या, पण दोरी त्यांनी कुणाच्या हातात दिली नाही. आरासीत यंदा बॅटरीचं एकही खेळणं नव्हतं, फक्त शेजारून आणलेली लाकडी बैलगाडी. "यंदा खेळनी नाही मांडली?" असं एका बाईनं विचारलं. "लेकरायले आता समजते," सासूबाई म्हणाल्या, आणि डाव्या हातानं तिला आशीर्वाद दिला.

तिसऱ्या दिवशी हळदीकुंकू झालं, महालक्ष्म्या उठल्या. मुखवटे पुसून ठेवले, साड्या घड्या केल्या. मी मागची मोटर सोडवत होते आणि सासूबाई खुर्चीवर बसून माझ्याकडे पाहत होत्या.

"तो गोटा नीट ठेवजो," त्या म्हणाल्या.

"कोणता गोटा?"

"मले नको शिकवू. बाळाचं वजन इकडून तिकडं जाते, हलते. हे मेलं सरळ लोंबून राहिलं होतं. पह्यल्याच ओढीत समजलं मले."

माझे कान तापले. "मग ओढत काहून राहिल्या?"

त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि बोटं हळूहळू मिटत होती, उघडत होती, मिटत होती. समोर ना चेंडू होता, ना दोरी.

"पुढच्या वर्षी याच्याहून जड बांधजो," त्या म्हणाल्या. "त्याच्या पुढच्या वर्षी पाळन्यालेच बांधजो."

मी गोटा मोरीत नेला. त्याच्यावरचा गोंद खरवडला, साबणानं घासून धुतला, कोरड्या फडक्यानं पुसला आणि देवीच्या लेकरांच्या पेटीत ठेवला.